पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या उघड्या जीपसाठी कव्हर कोणते घ्यावे?

देवरुखकर_५४०

नमस्कार. देवरुखजवळच्या आमच्या गावच्या घरी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे. तिला पत्र्याचे छत नाही. लोखंडी कमानींवर चढवायचे कॅन्व्हासचे हूड आणि बाजूचे पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्यांचे पडदे एवढाच काय तो आडोसा. आम्ही पुण्यात राहतो आणि घरी काका-काकू असतात. काकांना आता गाडी चालवणे जमत नाही, त्यामुळे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की थेट गणपतीपर्यंत जीप अंगणात जागेवर उभी असते. पूर्वी ती गोठ्याच्या कडेला उभी राहत असे, पण गोठा उतरवल्यामुळे तो निवारा गेला, आणि पडवीत ती मावत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी पाहिली तेव्हा सीटच्या रेक्झिनच्या शिवणीत, विशेषतः गोल गोटाच्या खाचेत, पांढरट हिरवी बुरशी धरलेली होती आणि पुढच्या काचेच्या चौकटीच्या बिजागरीपाशी रंगाखालून गंजाचे फोड उठले होते. गंमत अशी की त्या पावसाळ्यात गाडीवर कव्हर होते आणि ते कुठे फाटलेलेही नव्हते. त्यामुळे यंदा कव्हर घेताना नेमके काय पाहावे, हा प्रश्न पडला आहे. दुकानदार १९० टी, ३०० डी, तीन पदरी असे शब्द सांगतात आणि प्रत्येक जण आपले कापड शंभर टक्के वॉटरप्रूफ असल्याची खात्री देतो. दुसरा एक जण म्हणाला की कापड हवा खेळू देणारे हवे, पूर्ण वॉटरप्रूफ मुळीच नको. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर कोकणातल्या पावसात काय निवडावे? तयार कव्हर घ्यावे की शिवून घ्यावे? आणि कव्हर घालताना हूड गाडीवर ठेवावे की उतरवून घरात ठेवावे? खर्चापेक्षा गाडी टिकणे आम्हाला महत्त्वाचे आहे.

वाशिष्ठीकाठ

तुमचे कव्हर फाटलेले नव्हते आणि तरीही गंज चढला, यातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. वरून पडणारे पाणी कव्हरने अडवले होते. गाडी भिजवली ती आतल्या दमटपणाने. कोकणातल्या पावसाळ्यात या दोन पाण्यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो, कारण पहिल्यावरचा उपाय पुष्कळदा दुसऱ्याला वाढवतो.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेचे तापमान २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, आणि आपल्याकडे जुलैत ही परिस्थिती रोजचीच असते, तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. याचा अर्थ असा की गाडीचा कोणताही भाग भोवतालच्या हवेपेक्षा फक्त दोन अंशांनी थंड असला तरी त्याच्यावर पाणी जमू लागते. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस हे जड लोखंड रात्री थंड होते आणि सकाळी हवा उबदार होऊ लागली तरी ते मागे रेंगाळते. नेमक्या त्या वेळेत त्याला घाम फुटतो. उघड्यावर वारा असला की तो घाम थोड्या वेळात सुकतो. गाडी जमिनीपर्यंत प्लास्टिकने गुंडाळलेली असली, तर खालच्या ओल्या मातीतून उठणारी वाफही आतच कोंडते आणि सुकायला वावच राहत नाही. पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास कव्हरची कड उचलून आतल्या बाजूने तळहात फिरवून पाहा. हात ओला झाला तर ते पाणी आतच तयार झालेले आहे असे समजा.

आता उघड्या गाडीची खास अडचण. छत असलेल्या गाडीवर कव्हर टाकले की त्याला खाली पत्र्याचा आधार मिळतो. उघड्या जीपवर पुढच्या काचेची वरची कड आणि मागचे फाळके यांच्यामध्ये सगळी पोकळी असते, आणि तिथे कापड ओघळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे ही संगमेश्वर तालुक्यात काही नवलाची बाब नाही. दोन चौरस मीटरच्या खळग्यात ते पाणी साचले तर २०० लिटर, म्हणजे २०० किलो वजन त्या कापडावर आणि शिवणीवर येते. कापड कितीही चांगले असले तरी इतका भार सोसण्यासाठी ते केलेले नसते. ते फाटले नाही तर हूडच्या कमानी वाकतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की तुम्ही आधी कव्हर निवडू नये, आधी छप्पर करावे. चार खांबांवर पत्र्याचे साधे, सर्व बाजूंनी गाडीपेक्षा दोन हात मोठे आणि चांगल्या उताराचे छप्पर केले की वरचे पाणी तिथेच संपते, आणि मग कव्हरला फक्त धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची घाण आणि वाऱ्याने आत येणारे तुषार एवढेच अडवायचे उरते. त्या कामासाठी हवा खेळू देणारे हलके कापड पुरते. दुकानदारांपैकी दोघेही खरे बोलत आहेत, पण त्यांचे उत्तर छपराखालच्या आणि उघड्यावरच्या गाडीसाठी वेगळे आहे, आणि हा फरक विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही.

शिवणदोरा_कोल्हापूर

मी जीपची हुडे, ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीटचे कुशनकाम करतो, म्हणून कापडापुरते सविस्तर लिहितो.

दुकानदाराने सांगितलेले ‘डी’ म्हणजे डेनिअर. नऊ हजार मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्या सुताचे डेनिअर. ६०० डेनिअरचे सूत ३०० च्या दुप्पट वजनाचे असते. ‘टी’ हा आकडा विणीच्या दाटपणाचा असतो. १९० टी या नावाने मिळणारे कापड हे छत्रीसारखे पातळ तफेटा असते आणि ते धुळीसाठी ठीक आहे, पण जीपच्या कोपऱ्यांवर ते एक पावसाळासुद्धा काढत नाही. मात्र सूत जाड म्हणून कापड पाणी अडवते, असा समज करून घेऊ नका. पाणी अडवते ते आतल्या बाजूचे लेपन, मग ते पीयूचे (पॉलियुरेथेनचे) असो किंवा पीव्हीसीचे. पीयू हलके आणि मऊ असते, पण सतत दमट हवेत घडी घालून ठेवले तर काही वर्षांत ते चिकट होऊन पापुद्र्यासारखे सुटू लागते. पीव्हीसीचे लेपन जड असते, टिकते जास्त, आणि त्यातून हवा जवळजवळ मुळीच जात नाही.

कापडाची पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये सांगतात. १५०० मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ त्यावर उभा केला, तर तिथवर ते पाझरत नाही. परंतु ही चाचणी न शिवलेल्या कोऱ्या कापडाची असते, आणि गाडीवर तुम्ही घालता ते शिवलेले कापड. सुई जिथे जिथे गेली तिथे भोक पडलेले असते. त्यामुळे कव्हर हातात घेतल्यावर पहिल्यांदा ते उलटे करून शिवणी पाहा. शिवणीवर आतून पट्टी उष्णतेने चिकटवलेली असेल आणि नखाने तिची कड उचलली जात नसेल, तर ते काम नीट झाले आहे. पट्टी नसेल तर निदान शिवण दुहेरी दुमडलेली असावी आणि वरचा पदर खालच्या पदरावर कौलांप्रमाणे उतरता यावा, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता पुढे वाहून जाईल. छताच्या बरोबर मध्यावरून लांबच्या लांब शिवण गेलेली असेल, तर ते कव्हर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका; पाणी सर्वांत जास्त वेळ थांबते ते तिथेच.

दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा ओल्याने कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण उसवते. टाके फार बारीकही नकोत, कारण जितके टाके तितकी भोके, आणि लेपनाचे कापड बारीक टाक्यांच्या ओळीवरच कागदासारखे फाटते. आयलेट पितळी घ्या. लोखंडी आयलेट पहिल्याच पावसाळ्यात गंजतात, त्यांचा तांबडा ओघळ रंगावर उतरतो आणि तो सहज जात नाही.

बाजारात जे तीन पदरी, हवा खेळते म्हणून मिळते ते बहुधा न विणलेले पॉलिप्रॉपिलीन असते. त्यातल्या चांगल्या प्रकारात दोन पदरांच्या मध्ये अतिसूक्ष्म छिद्रांची फिल्म असते; तिच्यातून वाफ जाते, पण पाण्याचा थेंब जात नाही. स्वस्त प्रकारात ती फिल्म नसतेच, नुसते तीन पदर एकावर एक असतात. ओळखण्याचा सोपा मार्ग असा की कापडाचा खळगा करून त्यात पाणी ओतावे, अर्धा तास ठेवावे आणि खालून हात लावून पाहावा. मात्र पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. उन्हापासून रक्षण करणारे द्रव्य त्यात मिसळलेले नसेल तर उघड्यावर ते पिठूळ होते आणि बोटाने चोळले तरी त्याचे तंतू सुटतात. छपराखाली असेल तर ते बरीच वर्षे साथ देते.

वाशिष्ठीकाठ यांनी छपराचे सांगितले ते मला पूर्ण मान्य आहे. हुडाबद्दल माझा सल्ला असा की कॅन्व्हासचे हूड पूर्ण सुकवून, घासून, उतरवून घरात माळ्यावर ठेवा आणि कमानी मात्र गाडीवरच राहू द्या, कारण कव्हरला त्यांचा आधार लागतो. सुती कॅन्व्हास ओला झाला की त्याचे सूत फुगते आणि विणीतली छिद्रे बुजतात, म्हणून तो चालत्या गाडीवर छान काम करतो. पण तो ओला राहून सुकलाच नाही तर त्याला बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते डाग कुठल्याही साबणाने निघत नाहीत. पडद्यांच्या पारदर्शक खिडक्या घडी घालून ठेवू नका. मध्ये जुने सुती धोतर घालून पडदे सपाट किंवा मोठ्या गुंडाळीत ठेवा, नाहीतर घडीच्या रेषेवर प्लास्टिक आधी दुधाळ होते आणि पुढे तडकते.

मांडवीपार

मी गोव्यात समुद्राजवळ राहतो आणि माझ्याकडे सॉफ्ट टॉपची, म्हणजे कापडी छताची, महिंद्रा थार जीप आहे. खाऱ्या हवेचा मुद्दा इथे अजून आलेला नाही म्हणून तो जोडतो. साधे मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते. पावसाळ्यात किनारपट्टीची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणजे पत्र्यावर मिठाचा थर बसलेला असेल तर पाऊस पडो वा न पडो, तो पत्रा चार महिने ओलाच राहतो. अशा गाडीवर कव्हर घातले तर आपण मीठ आत कोंडतो. त्यामुळे कव्हर कोणते याच्या आधी, कव्हर घालण्यापूर्वी गाडी खालून-वरून गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात दार-फाळके उघडे टाकून कडकडीत सुकवणे जास्त महत्त्वाचे ठरते. देवरुख समुद्रापासून बरेच आत आहे, तरी मे महिन्यात गाडी कोणी गणपतीपुळ्याच्या किंवा गुहागरच्या पुळणीवर नेली असेल तर हे कराच.

नव्या थारच्या तळाला पाणी काढून टाकण्याची बुचे असतात, आणि जुन्या जीपच्या टबालाही, म्हणजे सीट बसवलेल्या पत्र्याच्या खोलगट भागालाही, खाली भोके असतात. ती मातीने आणि पाल्याने बुजलेली असतात. पावसाळ्यापूर्वी तारेने मोकळी करा, म्हणजे कव्हरमधून चुकून पाणी गेलेच तर ते तळाशी साचून राहणार नाही. रबरी मॅट आणि गालिचे काढून घरात ठेवा. त्यांच्या खालचा पत्रा सर्वांत आधी जातो.

आंबोलीघाट

वरच्या उत्तरांशी माझा थोडा मतभेद आहे. चार खांबांचे छप्पर सगळीकडे चालत नाही. आमच्या भागात पाऊस सरळ पडतच नाही. वाऱ्याबरोबर तो आडवा येतो, धुके दिवसेंदिवस हलत नाही, आणि उघड्या बाजूंच्या छपराखालची गाडीसुद्धा धुऊन निघाल्यासारखी भिजते. अशा ठिकाणी हवा खेळू देणारे कापड दोन दिवसांत ओले होते आणि तिसऱ्या दिवशी ओल्या गोधडीगत गाडीला चिकटते, मग हवा कुठून खेळणार? म्हणून मी पीव्हीसी लेपनाची जाड ताडपत्रीच वापरतो. ती गाडीवर पसरून टाकत नाही. कमानींच्या वर लांबीला एक बांबू आढ्यासारखा बांधतो आणि त्याच्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरवतो. खालची कड जमिनीपासून वीतभर वर सोडतो, पुढून बंपरपाशी आणि मागून फाळक्यापाशी तोंड मोकळे ठेवतो. ताडपत्री गाडीच्या अंगाला कुठेही टेकत नाही. हवा त्या बोगद्यातून आरपार जाते. कापडातून हवा जाण्यापेक्षा कापडाच्या खालून हवा जाणे जास्त भरवशाचे असते, असे माझे मत आहे.

कड जमिनीला टेकू न देण्याचे आणखी एक कारण म्हणजे उंदीर आणि घुशी. जमिनीपर्यंत उतरलेल्या कव्हरच्या आत त्यांना ऊब आणि अंधार दोन्ही मिळते, आणि मग वायरिंगवर संक्रांत येते.

निळी किंवा पिवळी एचडीपीई ताडपत्री घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती हलकी आणि स्वस्त असते. भाताच्या गंजीवर टाकायला ती उत्तम आहे. तिच्यासाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे, आणि घेतलीच तर तो शिक्का आणि जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) पाहून घ्या. पण ती कडक असते, वाऱ्यावर रात्रभर फडफडते, आणि जिथे ती रंगाला घासते तिथला रंग महिन्याभरात निघून खालचा प्रायमर दिसू लागतो.

देवरुखकर_५४०

सर्वांचे मनापासून आभार. आतून येणाऱ्या दमटपणाचा विचार मी केलाच नव्हता, आणि शिवणीतली बुरशी आता नीट उलगडली. काकांशी बोललो. घराच्या पूर्वेला विहिरीकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला जीप मावेल एवढी जागा आहे. तिच्या पश्चिमेला घराचीच जांभ्याची भिंत येते. तिथे पत्र्याचे छप्पर टाकायला काकांची हरकत नाही, पण जमीन मातीची आहे आणि पावसात तिथे ओल धरते. छपराला उतार किती ठेवावा, जमिनीचे काय करावे, आणि आंबोलीघाट यांनी सांगितलेली ताडपत्री छपराखालीही घालावी का, हे कृपया सांगावे. शिवाय, पुणे सोडण्यापूर्वी इथून कापड घेऊन जायचे तर ते कोणते?

वाशिष्ठीकाठ

जागा उत्तम आहे. आपल्याकडे पावसाचे वारे मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे पश्चिमेला भिंत असणे म्हणजे आडव्या पावसाचा मोठा भाग आपोआप अडणे होय. आंबोलीघाट यांचा आक्षेप घाटमाथ्यासाठी योग्यच आहे, आणि तुमच्याकडेही दक्षिणेच्या बाजूने तुषार येतील. तेवढ्या बाजूला आडोसा करा. जुन्या घरांत पावसाळ्यापूर्वी पडवीच्या उघड्या बाजूला नारळाची विणलेली झापे उभी बांधत असत, तेच इथे करता येईल. झापांतून पावसाचा मारा मोडतो आणि वारा मात्र झिरपत राहतो. ताडपत्रीचा आडोसा केला तर वारा अडतो आणि ताडपत्री शिडासारखी फुगून खांब ओढते. उत्तर आणि पूर्व बाजू पूर्ण मोकळ्या ठेवा.

पत्र्याला दर मीटरला निदान १५ ते २० सेंटीमीटर उतार द्या आणि तो भिंतीपासून दूर, पूर्वेकडे द्या, नाहीतर सगळे पाणी भिंतीच्या पायाशी उतरेल. भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यावर वरून पट्टी बसवून घ्या. पागोळ्या पडतात तिथे चर खणून पाणी बाहेर काढा, कारण पागोळीचे शिंतोडे चाकांच्या उंचीपर्यंत सहज उडतात.

जमिनीकडे दुर्लक्ष करू नका, वरच्या पावसाइतकीच ती महत्त्वाची आहे. मातीतून उठणारी वाफ थेट चेसिसला लागते. वरची ओली माती वीतभर काढून जाड प्लास्टिक अंथरा आणि त्याच्यावर खडीचा थर द्या. प्लास्टिकमुळे खालची ओल वर येत नाही आणि खडीमुळे वर सांडलेले पाणी एका जागी थांबत नाही. सिमेंटचा कोबा केलात तर आणखी चांगले, पण त्यालाही बाहेरच्या दिशेने उतार हवा. चाकांखाली फळ्या ठेवा.

छपराखाली ताडपत्री नको. तिथे सूक्ष्म छिद्रांच्या फिल्मचे तीन पदरी कापड घ्या आणि तेही कमानींवर सैल टाका. कोकणातल्या जुलैत कोणतेही कव्हर लोखंड कोरडे ठेवू शकत नाही. आपण फक्त ते सुकण्याची संधी वाढवतो. म्हणून पाऊस उघडला आणि ऊन पडले की काकांनी दोन्ही बाजूंच्या कडा वर टाकून संध्याकाळपर्यंत गाडी मोकळी ठेवावी. एवढे जमले तर निम्मे काम झाले. त्यांना एकट्याने ते उचलता यावे, हाही हलके कापड घेण्याचा एक मोठा फायदा आहे; पीव्हीसीची ओली ताडपत्री एका वयस्कर माणसाला पेलत नाही, आणि जे कव्हर उचलायला जड जाते ते मग कोणी उचलतच नाही.

वऱ्हाडवाट

विषय कोकणाचा आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. तुम्ही सांगता ते कापड कोणी नागपूर-अकोल्याकडे घेणार असेल तर थांबावे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि खरा शत्रू ऊन असते. रेक्झिन तडकते, स्टेअरिंग चिकट होते, रबर वाळते. इथे बाहेरून चंदेरी लेपनाचे पॉलिएस्टर चांगले. धुळीच्या गाडीवर मात्र ते कोरडे ओढू नये, कापड आणि रंग यांच्यात अडकलेली धूळ रंगावर बारीक चरे पाडते.

शिवणदोरा_कोल्हापूर

पुण्यातून कापड नेण्यापेक्षा मापे घेऊन तिकडेच शिवून घ्या असे मी म्हणेन. एमएम ५४० साठी तयार कव्हर मिळाले तरी ते अंदाजपंचे असते. आजच्या तीन दारांच्या थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे आणि बाजारातली बहुतेक ‘जीप’ कव्हरे त्या अंगाने बेतलेली असतात. तुमच्या गाडीवर ती बॉनेटपाशी ढगळ होतात, आणि ढगळ भागातच पाणी आणि वारा दोन्ही शिरतात. जुन्या जीपचे मडगार्ड सपाट आणि बॉनेटपासून वेगळे, खाली असतात. त्या पायरीत कापड लोंबकळते. तिथे दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळी घालून घ्या.

मापे अशी घ्या. हूड काढलेले आणि कमानी उभ्या असताना मऊ टेप पुढच्या बंपरच्या खालच्या कडेपासून बॉनेटवरून, काचेच्या वरच्या कडेवरून, कमानींवरून मागच्या बंपरपर्यंत न ताणता सोडा. स्टेपनी मागे लावलेली असेल तर तिच्यावरून टेप न्या आणि तिच्यासाठी स्वतंत्र गोल खण शिवून घ्या, नाहीतर सगळा ताण त्या एका चाकावर येऊन कापड तिथेच विरते. रुंदीचे माप तीन ठिकाणी घ्या: पुढच्या मडगार्डवर, काचेवर आणि मागच्या टबावर. बाजूच्या कडा चाकाच्या मध्यापर्यंतच उतरू द्या, त्याच्या खाली नकोत.

काचेच्या चौकटीचे दोन वरचे कोपरे, आरशांचे दांडे, बॉनेटचे हूक आणि कमानींचे बाक या जागी कापडाला आतून दुसरा पदर लावून घ्या. त्याशिवाय गाडीवरच्या त्या टोकांना सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळा. कव्हर फाटायला सुरुवात होते ती नेहमी याच जागांवरून.

वाफ बाहेर जाण्यासाठी मागच्या बाजूला, आढ्याच्या लगेच खाली, दोन झरोके ठेवा. झरोक्याला बारीक जाळी आणि वरून पुढे आलेली झडप असावी. झडप उघडी राहावी म्हणून तिच्या कडेत प्लास्टिकची पट्टी शिवता येते. उबदार दमट हवा वर चढते, ती तिथून निघते आणि खालच्या मोकळ्या कडेतून नवी हवा आत येते. झरोके खाली ठेवले तर त्यांचा उपयोग होत नाही.

खालच्या कडेला इलास्टिक घालू नका. तयार कव्हरांत ते असते, पण ते कड आत ओढून हवेची वाट बंद करते. त्याऐवजी दोन्ही बाजूंना तीन-तीन जागी नायलॉनच्या पट्ट्या आणि प्लास्टिकची बकले लावा, आणि त्या पट्ट्या गाडीच्या पोटाखालून आरपार घ्या. धातूचे हूक असलेली रबरी दोरी वापरू नका. ती सुटली तर रंगावर किंवा डोळ्यावर आपटते. पट्ट्या इतक्याच आवळा की वाऱ्याने कव्हर उडणार नाही.

गणपतीत तुम्ही गाडी सुरू कराल, फिरवाल, आणि परत आणून लगेच कव्हर घालाल, तर सायलेन्सर आधी गार होऊ द्या. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळते आणि चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर त्याहून जास्त तापलेला असू शकतो. तासभर थांबलात तर पुरे. कारागिराला कापड द्याल तेव्हा त्यातला हातभर तुकडा जादा घेऊन ठेवा. ठिगळ लावायचे झाले तर त्याच कापडाचे लागते, आणि दोन वर्षांनी तेच कापड बाजारात मिळेल याची खात्री नसते.

देवरुखकर_५४०

छप्पर मे महिन्याच्या आत उभे करायचे ठरले आहे. दक्षिणेच्या बाजूला झापे काकू स्वतः विणून देणार आहेत. शिवणदोरा, कमानींवर आढ्यासारखा बांबू बांधायची सूचना छपराखालच्या कव्हरलाही लागू आहे का? आणि जीपचे तोंड कोणत्या दिशेला असावे?

शिवणदोरा_कोल्हापूर

हो, बांबू बांधाच. छपराखाली पाणी साचण्याची भीती नसली तरी कमानींच्या मधल्या जागेत कापड खाली ओघळते आणि झरोक्यांपर्यंत हवेला वाट राहत नाही. बांबू चांगला वाळलेला घ्या, पेरे तासून गुळगुळीत करा आणि कमानींना सुतळीऐवजी नायलॉनच्या दोरीने बांधा.

तोंड दक्षिणेला करा. झापांतून जे तुषार येतील ते उभ्या काचेवर आणि बॉनेटवर अडतील, आणि झरोके व मागचे फाळके उत्तरेच्या मोकळ्या बाजूला येतील. फाळके पावसाळाभर खाली पाडून ठेवले तरी चालेल.